इंग्लंडला निघालेली सून आणि बँकेतली शिल्लक



शिकून इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मुलांची लग्ने गावी होतात. रजा संपली की नवरा परत जातो आणि सूनबाईचा व्हिसा पैशाच्या अटीवर अडतो. मग धावपळ सुरू होते, ती बहुधा चुकीच्या दिशेने. म्हणून हा हिशोब आम्ही येथे मांडत आहोत.

मुलगा तिथला नागरिक असेल किंवा त्याला कायम वास्तव्याची परवानगी असेल, तर ही अट लागते. नुसत्या कामाच्या व्हिसावर असलेल्याचे नियम वेगळे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जाला वर्षाचे २९,००० पौंड उत्पन्न लागते. २०१२ पासून तोवर १८,६०० चालत होते.

उत्पन्न कमी पडले तर शिल्लक दाखवता येते, पण पौंडाला पौंड नव्हे. पहिले १६,००० पौंड हिशोबात धरतच नाहीत. त्यावर जी तूट असेल तिच्या अडीचपट रक्कम हवी, कारण अडीच वर्षांच्या वास्तव्याचा हिशोब धरतात. मुलाचा पगार २५,००० असेल तर तूट ४,०००, तिची अडीचपट १०,०००, अधिक १६,०००, म्हणजे २६,००० पौंड. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंड. मुलाचा स्वतःचा धंदा असेल आणि त्याचेच उत्पन्न दाखवायचे असेल, तर ही जोड मिळत नाही.

खरी मेख पुढेच आहे. ही रक्कम नवरा-बायकोच्या, दोघांच्या किंवा एकाच्या, नावावर सलग सहा महिने हवी. त्या काळात शिल्लक ज्या दिवशी सर्वांत खाली गेली, तोच आकडा धरतात. अर्जाच्या आठवड्यात मेहुण्याकडून हातउसने आणून खाते फुगवले तर उपयोग शून्य. कर्जाऊ पैसा चालतच नाही, आणि पैसा कुठून आला हे सही करून सांगावे लागते. वडिलांनी ऊस बिलातून साठवलेली ठेव वडिलांच्या नावावर आहे तोवर ती मोजत नाहीत. ती बक्षीस म्हणून द्यावी, परत मागणार नाही असे लिहून द्यावे, आणि त्या तारखेपासून सहा महिने मोजावेत. खाते भारतातल्या बँकेत असले तरी चालते. मुदत ठेवही चालते, मात्र दंड भरून का होईना, ती लगेच मोडता आली पाहिजे. गावच्या पतसंस्थेतली रक्कम आधीच बँकेत आणलेली बरी, कारण खाते रीतसर बँक-नियंत्रणाखालचे लागते.

शेअर्स, म्युच्युअल फंड यांची नुसती किंमत धरत नाहीत. विकून पैसा खात्यात यावा लागतो. (आपल्या कारखान्याचा शेअर दाखलाही इथं कामाचा नाही!) पण ती गुंतवणूक सहा महिने जोडप्याच्याच नावावर होती हे कागदांनी दाखवले, तर विक्रीनंतर पुन्हा सहा महिने थांबावे लागत नाही. जमिनीचेही तसेच. सातबारा मुलाच्या नावावर असेल तर विक्रीचे पैसे लगेच धरता येतात. वडिलांच्या नावावर असेल तर ते बक्षीसच ठरते आणि सहा महिने नव्याने सुरू होतात. तेव्हा व्हिसाच्या घाईत पडत्या भावाने रान काढण्यात काही अर्थ नाही.

साधारण अडीच वर्षांनी मुदतवाढीला हाच हिशोब पुन्हा द्यावा लागतो. कायम वास्तव्याच्या अर्जाला मात्र अडीचपट लागत नाही. १६,००० आणि एका वर्षाची तूट एवढे पुरते.