डबल क्लिकच्या आधी

पोरी, ग्रामसभेच्या खोलीतला कॉम्प्युटर आता तुझ्या हाती आला, असं तुझी आई फोनवर सांगत होती. फार बरं वाटलं. त्यात वनहक्काच्या दाव्याचे नकाशे आहेत, तेंदूपत्त्याच्या मजुरीच्या याद्या आहेत, ठराव आणि सातबारे आहेत. २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा लोकांनी कागद हातात धरून वाचला. आता गावोगावचा तसा कागद फाईल होऊन बसलाय. कागद कोणीही उलगडला तरी अक्षर तेच राहतं. फाईल मात्र कोणत्या प्रोग्रामनं उघडली त्यावर तिचं दिसणं ठरतं, आणि कधीकधी आतला मजकूरही बदलून बसतो. म्हणून मामाचं हे थोडं ऐकून ठेव.

१. आधी फाईलच्या नावाची शेपटी, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, दिसू दे; फोल्डरच्या वर ‘व्ह्यू’मध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ असतं, त्यावर खूण कर — विंडोज ती झाकून ठेवतं, आणि अंधारात गोठ्यात शिरलेलं जनावर शेपटी पाहिल्याशिवाय दावणीला बांधू नये.

२. नाव बदलताना शेपटी तोडू नकोस, बदलूही नकोस — विंडोज शेपटी बघूनच प्रोग्रामला हाक मारतं, पोटात डोकावत नाही. टोपलीवर ‘मोहफुलं’ लिहिल्यानं आत भरलेलं धान गोड होत नसतं.

३. पहिल्यांदाच आलेल्या फाईलवर डबल क्लिक नको. माऊसचं उजवं बटण दाबून ‘ओपन विथ’मध्ये जा — डबल क्लिक म्हणजे आधी कोणीतरी ठरवून ठेवलेल्याच्या हाती फाईल देणं, आणि ते ठरवणारी तू नव्हतीस.

४. ‘जस्ट वन्स’ आणि ‘ऑलवेज’ अशी दोन बटणं येतील, त्यात पहिलं दाब — एका जेवणावर कोणाला घराची किल्ली देत नाहीत. चार वेळा नीट उघडली की मग ‘ऑलवेज’.

५. चुकीचं ‘ऑलवेज’ लागलं तरी घाबरू नकोस. ‘सेटिंग्ज’, ‘अॅप्स’, ‘डिफॉल्ट अॅप्स’ असं जा, शेपटी लिही, प्रोग्राम बदल — फाईलीला काही झालेलं नसतं, तिला वाचणारा तेवढा चुकलेला असतो.

हे मी उगाच सांगत नाही. विंडोज ७ च्या काळात एका कचेरीत माझ्या हातून शॉर्टकटचीच गाठ नोटपॅडशी बांधली गेली. मग पडद्यावरचं कुठलंही चित्र दाबलं की नोटपॅड उघडायचं आणि त्यात नुसती चौकटींची रांगोळी. मला वाटलं सगळं संपलं. मशीन साफ करायला देऊन टाकलं आणि वर्षभराचे टाईप केलेले ठराव त्यात गेले. गाठ सोडायला पाच मिनिटं लागली असती. ते ठराव पुन्हा गोळा करायला मी गावोगाव हिंडलो.

६. बँकेची यादी सीएसव्ही असेल तर एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडूच नकोस — एक्सेल ती उघडता उघडता स्वतःच्या समजुतीनं बदलतं, आणि बदलल्याचं सांगत नाही.

इथं जरा थांबायला हवं, कारण यात लोकांच्या मजुरीचा प्रश्न आहे. समज, फडीवर सत्तर सत्तर पानांचे पुडे मोजून देणाऱ्या एका बाईचा खातेनंबर शून्यानं सुरू होतो. एक्सेलला वाटतं ही रक्कम आहे, म्हणून पुढचं शून्य गळतं. आधारचे १२ आकडे रकान्यात ‘१.२३४५७ई+११’ असे दिसायला लागतात. सोळा आकडी खातं असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवतं. तू तर नुसती फाईल पाहिलीस आणि सवयीनं ‘सेव्ह’ दाबलंस. पण सीएसव्हीत रकान्यात जे दिसतं तेच लिहिलं जातं, खरा आकडा कुठंच उरत नाही. मग मजुरीचे पैसे परत येतात. तोवर मृग लागलेला असतो, धानाचं बियाणं घ्यायचं असतं, आणि ती बाई पासबुक पदरात धरून बँकेच्या पायरीवर बसलेली असते.

७. सीएसव्ही लिब्रेऑफिस कॅल्कला बांधून टाक — ते उघडण्याआधी एक चौकट दाखवून विचारतं. तिथं ‘यूटीएफ-८’ निवडलं की नावं मराठीत नीट दिसतात, आणि खात्याच्या व आधारच्या रकान्यावर क्लिक करून ‘टेक्स्ट’ निवडलं की एकही शून्य हलत नाही. एक्सेलच वापरायचं असेल तर ‘डेटा’मधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट’च्या वाटेनं फाईल आत घे आणि तिथंही रकाना ‘टेक्स्ट’च कर.

८. गट नंबर लिहायच्या आधीही रकाना ‘टेक्स्ट’ करून घे — ‘७/१२’ लिहिलंस की एक्सेल त्याचा ७ डिसेंबर करतं, आणि मशीन अमेरिकी तारखेवर असेल तर १२ जुलै. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’नं सुरू व्हायची, त्यांच्याही अशाच तारखा होत, शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं त्या जनुकांची नावंच बदलली. गट नंबर काही आपल्याला बदलता येत नाही.

९. जंगलाच्या सीमेची केएमएल फाईल गूगल अर्थनं उघड, पण एकदा नोटपॅडनंही उघडून बघ — आत काय आहे हे डोळ्यानं पाहिलं की नकाशाची भीती जाते.

‘कोऑर्डिनेट्स’ असा शब्द सापडेल, त्यापुढे आकडे. आपल्याकडे ते ८० नं सुरू होतात, स्वल्पविराम, मग २०. केएमएलमध्ये रेखांश आधी असतो आणि अक्षांश नंतर. बऱ्याच ठिकाणी मात्र अक्षांश आधी मागतात. तेच आकडे त्याच क्रमानं तिथं भरलेस तर गडचिरोलीच्या जंगलाची हद्द थेट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन पडते. पडद्यावर सागाऐवजी पांढरं दिसलं तर डोळे पुसू नकोस, आकड्यांची अदलाबदल कर.

१०. नकाशाची शेपफाईल कोणाला पाठवताना एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या चारही फाईली एकाच झिपमध्ये बांध आणि क्यूजीआयएसनं उघडायला सांग — ही एका नावाची भावंडं आहेत, एक मागे राहिलं तर बाकीच्यांचं काम अधुरं राहतं.

११. त्यातली डीबीएफ कॅल्कमध्येही उघडते, पण तिथं नावं अकारविल्हे लावून ‘सेव्ह’ करू नकोस — नकाशातला आकार आणि यादीतली ओळ फक्त क्रमानं जोडलेली असते, क्रम हलला की एकाच्या पट्ट्यावर दुसऱ्याचं नाव बसतं. भावाभावांत अशानं उगाच तंटा लागतो.

१२. प्रत्येक शेपटीला नेटशिवाय चालणारा एक तरी प्रोग्राम ठेव — भामरागडात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की माणसं अडकतात, रेंजही जाते, आणि ब्राऊझरात उघडणारे तक्ते तिकडेच राहतात.

१३. डिजिटल सहीचा सातबारा क्रोममध्ये वाच, पण सही अॅडोबी रीडरमध्ये तपास — क्रोम सहीचं चित्र दाखवतं, ती खरी की खोटी ते बघत नाही. रीडरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सातबारा खोटा असं लगेच धरू नकोस. सही देणाऱ्या प्रमाणपत्राशी तुझ्या मशीनची ओळख व्हायची असते, ती एकदा करून द्यावी लागते.

१४. जुने ठराव उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसला तर प्रोग्राम बदलत बसू नकोस — तिथं फाँट नसतो. कृतीदेवमध्ये ‘क’ म्हणून आत इंग्रजी ‘डी’च लिहिलेला असतो, फाँट त्याला ‘क’चं रूप देतो. फाँट टाक, वाच, युनिकोडमध्ये बदलून वेगळ्या नावानं ठेव. जुनी फाईल पुसू नकोस, कारण बदलताना एखादं जोडाक्षर तुटतं आणि माणसाचं आडनाव बदलतं.

१५. ‘पीडीएफ’नंतर आणखी ‘ईएक्सई’ अशी दुसरी शेपटी असेल, किंवा फोनवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ आली असेल, तर कोणत्याच प्रोग्रामनं उघडू नकोस — ती फाईल नाही, तो स्वतःच प्रोग्राम आहे, आणि तो आत आला की तुझ्या खात्यापर्यंत जातो. पाठवणारा सख्ख्या आत्याचा मुलगा असला तरी आधी फोन करून विचार.

१६. शेपटीच नसलेली फाईल आली तर नोटपॅडनं उघडून पहिली अक्षरं वाच, आणि काहीही न साठवता बंद कर — पीडीएफच्या सुरुवातीला ‘पीडीएफ’ हीच अक्षरं असतात, वर्डच्या नव्या फाईलीत आणि झिपमध्ये ‘पीके’. ते झिप काढणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावातलं आहे. नोटपॅडमध्ये ‘सेव्ह’ दाबलंस तर मात्र फाईल गेली समज.

१७. आलेली प्रत्येक फाईल आधी ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेव, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रीड ओन्ली’ कर, आणि काम नकलेवर कर — बियाण्याचं धान कणगीत वेगळं ठेवतात, त्यातलं रोजच्या भातात घालत नाहीत.

१८. कोणती शेपटी कोणत्या प्रोग्रामला बांधलीस ते एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याशेजारी टांग — मशीन कधी बदलेल, विंडोज कधी नवं टाकतील, सांगता येत नाही. तुझी सांजच्याला गाडी असते, घाईत कोणीतरी पोरगी येऊन यादी काढेल. तिला वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरात लिही, आणि सीएसव्हीची ओळ लाल पेननं.