आधी चिप, मग लस

बाय, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण हा क्रम विसरू नकोस: आधी चिप, मग लस. तुझ्याबरोबरच्या ज्या पोरी भाड्याच्या खोलीत कुत्री-मांजरं पाळून परदेशातल्या पीएचडीचे अर्ज भरतायत, त्यांनाही पहिलं हेच सांग.

तू म्हणशील, काका आता शहाणपण सांगतोय. सांगणारच. चूक माझीच होती, तेव्हा ती सांगायचा हक्कही माझाच.

जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बत्तीस वर्षं गेली. आचऱ्यापासून देवबागपर्यंतचे गोठे पायाखाली घातले. पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी, कोंबड्यांची मानमोडी, अडलेल्या म्हशी, सगळं केलं. 2019 नंतर लाळ्या-खुरकुताच्या मोहिमेत गुरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले. बारा आकडी नंबर. बिल्ला नसेल तर लसीची नोंदच होत नाही, कारण लस कुठल्या गाईला दिली हे सांगणार कसं? हे मी शेतकऱ्यांना शेकडो वेळा समजावलं, आणि आपल्या कुत्र्याच्या, बांगड्याच्या, वेळी मात्र विसरलो.

28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, फुकट लसीकरणाचं शिबिर होतं. बांगड्याला काखेत मारून नेलं, लस टोचून घेतली, पुस्तिकेत स्टिकर चिकटवून सही-शिक्का घेतला. पुढे तू जर्मनीला अर्ज केलास तेव्हा 15 नोव्हेंबरला त्याच्या मानेखाली चिप घातली. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत पंधरा आकडी नंबर. यंत्र वरून फिरवलं की बीप वाजतं आणि नंबर दिसतो. मी छाती काढून म्हटलं, लस तर झालेलीच आहे, महिनाही उलटलाय, आता रक्त काढून पाठवूया. पाठवलं. डिसेंबरात कागद तपासणाऱ्या माणसाने मुंबईहून फोन केला: लसीची तारीख चिपच्या आधीची आहे, म्हणजे युरोपच्या हिशेबात या कुत्र्याला लस दिलेलीच नाही. बिल्ल्याआधीची लस. बोलायला मला तोंड राहिलं नाही.

मग 9 डिसेंबरला पुन्हा लस. लसीनंतर किमान तीस दिवस थांबायचं, म्हणून 10 जानेवारीला पुन्हा रक्त. ते युरोपने मान्यता दिलेल्याच प्रयोगशाळेत जायला हवं, आणि रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती दर मिलिलीटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एककं किंवा त्याहून जास्त निघायला हवी. निघाली. पण तेवढ्यावर भागत नाही. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे, रक्त काढल्यापासून, ही तारीख पुष्कळ जण चुकतात. म्हणजे 10 एप्रिल. तू 3 मार्चला गेलीस. पहिला क्रम बरोबर असता तर फेब्रुवारीतच तो मोकळा झाला असता आणि तुझ्याबरोबर गेला असता.

ते दुसऱ्यांदा रक्त काढलं तेव्हा तू गोव्यात दोना पावलाला होतीस. पुढच्या पायावरचे केस डॉक्टरांनी कापले, स्पिरिट लावलं, मी कोपराच्या वर अंगठ्याने शीर दाबून धरली. चौदा किलोचा कुत्रा, एक झटका दिला असता तर सुई वाकली असती. पण त्याने नाक माझ्या काखेत खुपसलं आणि श्वास रोखून उभा राहिला. मी हजारो जनावरं धरली आहेत, कुणाची माफी मागितली नव्हती.

आता तू विचारलंस, एप्रिल उलटला, मग त्याला कुणाबरोबर पाठवून का नाही देत? इथे दुसरी मेख आहे. पाळीव प्राणी म्हणून न्यायचा तर मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत त्याचा प्रवास व्हायला हवा. नाहीतर तो व्यापारी माल ठरतो आणि कागदांचं दुसरंच जंजाळ सुरू होतं. म्हणून तू चतुर्थीला ये. मालवणचं माणूस चतुर्थीला येतंच, त्यासाठी सबब लागत नाही. गणपती पाचव्या दिवशी पाण्यात गेले की तुम्ही दोघं मुंबईहून निघा.

मुंबईहूनच का, गोव्याहून का नाही? मोपाचं विमानतळ आपल्याला जवळ आणि चिपी तर उंबरठ्यावर. पण जनावर परदेशी न्यायचं तर केंद्र सरकारच्या पशु संगरोध केंद्राचा दाखला लागतो, आणि ती केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्याच शहरांत. तिथे सरकारी डॉक्टर कुत्रा तपासतात, चिप वाचतात, आणि युरोपच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र देतात. ते दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पाऊल पडायला हवं. म्हणून विमान आधी ठरव, दाखल्याची वेळ त्यावरून माग. बुकिंग करतानाच कंपनीला कुत्रा सोबत आहे हे कळव. प्रत्येक विमानात जनावरांसाठी जागा मोजकी असते.

मुंबईपर्यंत रेल्वे नको. कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचं आख्खं कुपे घ्यावं लागतं, आणि ते मिळालं की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातली पेटी, त्यात मी त्याला घालणार नाही. पाचशे किलोमीटर गाडीने जाऊ, रात्री निघू, मी बरोबर येतो.

पिंजरा मी आणलाय आणि जूनपासून पडवीत मांडलाय. कुत्रा आत उभा राहिला की डोकं छताला लागता कामा नये, जागच्या जागी वळता यायला हवं, पाय पसरून आडवं होता यायला हवं, हे विमानवाल्यांचं माप. चौदा किलोचा असल्याने तो केबिनमध्ये चालणार नाही, तिथे साधारण सात-आठ किलोपर्यंतचेच घेतात. पहिला आठवडा त्याने पिंजऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग तुझी न धुतलेली ओढणी आत टाकली, जेवण आत ठेवलं, दार उघडंच. आता आषाढाचा पाऊस कौलांवर धो धो वाजतोय आणि हा आत घोरतोय. काकी म्हणते, याला चाकरमान्यासारखी खोली मिळाली. झोपेचं औषध मात्र कुणी कितीही सांगितलं तरी देऊ नकोस. उंचीवर गुंगीतल्या जनावराचा श्वास आणि रक्तदाब बिघडतो. लांब नाकाचा गावठी कुत्रा आहे, हे आपलं नशीब. चपट्या नाकाच्या जातींना पुष्कळ विमान कंपन्या घेतच नाहीत.

मुसक्याचीही सवय लावतोय. जर्मनीत कुत्रा रेल्वेच्या डब्यात आपल्याबरोबर बसतो हे ऐकून मला आनंद झाला, पण मोठ्या कुत्र्याला मुसकं लागतं आणि तिकीटही. आपण बैलाला मळणीच्या वेळी बांधायचो, तसंच. आतून थोडं तूप लावलं की तो स्वतःहून तोंड घालतो.

तिथे महापालिका कुत्र्यावर कर घेते हे तूच सांगितलंस. इथे घरपट्टी, पाणीपट्टी, तिथे कुत्रापट्टी! नोंदणी पहिल्या आठवड्यातच कर. आणि घरमालकाची परवानगी लेखी घे. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज घरातली म्हातारी मालकीण मांजरीकडे बघून हसते आणि सहा महिन्यांनी तिचा मुलगा येऊन खोली खाली करायला सांगतो, हे तुझ्या मैत्रिणीचं झालंच ना? बोललेलं वाऱ्यावर जातं.

आता थोडं मागचं. मालवणच्या जेटीवर माशांच्या टोपल्यांमागे हे पिल्लू सापडलं, तू उचललंस आणि म्हणालीस, "काका, हेका मी पाळतलंय." काकीने तेव्हा एकच विचारलं होतं, "तू दोना पावलाक, आणि हेका सांभाळतलो कोण?" तू चिडलीस. पण कुत्रा घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरी नेण्याआधी सोडवायचा प्रश्न हाच. संशोधन करणाऱ्याची फेलोशिप वेळेवर येतेच असं नाही, बोटीवरची फेरी पंधरा दिवसांची होते, परिषदेचं बोलावणं अचानक येतं. घरात, शेजारात, कुठेही, एक दुसरा माणूस आधी ठरलेला हवा. त्याच्याकडे पुस्तिका हवी, डॉक्टरांचा नंबर हवा, आणि वेगळे ठेवलेले थोडे पैसे हवेत, म्हणजे रात्री अकराला फोन करून "पैसे देऊ का" हा प्रश्नच येत नाही.

आठ दिवसांच्या परिषदेला कुत्रा नेऊ नये. न्यायचा विचारसुद्धा करू नये. मागे तू अशाच एका परिषदेला गेलीस तेव्हा त्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी पेडव्यांचं उकड खाल्लं. व्हिडिओ कॉल करू नकोस असं मी सांगितलं तेव्हा तुला राग आला, पण तुझा आवाज ऐकून तो फोनच्या मागे जाऊन वास घेत होता आणि मग रात्रभर दारात बसला. युरोपातल्या परिषदेचा व्हिसा सहा महिने आधीपासून मागता येतो, मैत्रिणींना तो वेळेत मागायला सांग, आणि कुत्रा सांभाळणाऱ्याकडे द्यायच्या पिशवीची तयारी त्याच दिवशी सुरू करायला.

पावसाळ्याचं सांगतो, कारण आता तोच चालू आहे. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायचे. गोचीडताप आला की कुत्रा आधी फक्त सुस्त दिसतो, आपण म्हणतो हवा कुंद आहे, आणि तोवर रक्त पातळ झालेलं असतं. साचलेलं पाणी पिऊ द्यायचं नाही. आपल्या जिल्ह्यात लेप्टोने माणसंही गेली आहेत, आणि ती लस कुत्र्याच्या एकत्रित लसीत असते की नाही हे बाटलीवर वाचून घ्यायचं. रात्री खळ्यात बांधायचा नाही, वाघ येतो. आपल्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात आणि तो कुत्र्यासाठीच येतो. किनाऱ्यावर सोडला तर दोन गोष्टींवर नजर: जाळ्याच्या तुकड्यातला गळ, आणि मेलेला केंड. तो फुगणारा मासा विषारी असतो, त्याचं विष उकडूनही जात नाही.

आणि कुणाचाही कुत्रा चावला, अगदी ओळखीचा, तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि थेट दवाखान्यात जा. मी नोकरीला लागलो तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेणारी माणसं पाहिली आहेत. आताची लस दंडात असते आणि तरीही लोक हळद लावून घरी बसतात. याबाबतीत मला दयामाया नाही.

तुझ्या मैत्रिणी सगळ्या जर्मनीलाच जाणार नाहीत. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून नियम बदलले आहेत: भारतातून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप लावलेला हवा, आणि इथे लस घेतलेला असेल तर ठरावीकच विमानतळांवर उतरतो. जपानात रक्त काढल्यापासून 180 दिवस थांबायचं. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट घेतच नाही. म्हणून विद्यापीठाला अर्ज टाकतानाच देश बघून कुत्र्याचे महिने मोजावेत. प्रवेशाचं पत्र आल्यावर मोजायला बसलं की माझ्यासारखं होतं.

परत आणायचंही डोक्यात ठेव. साधारणपणे दोन वर्षं सलग परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राण्यांपर्यंत परवानगी असते, आणि तिथलेही कागद लागतात. 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून आपले विद्यार्थी पळत होते तेव्हा काही जण कुत्र्या-मांजरांशिवाय विमानात बसायला तयार नव्हते. सरकारने त्या वेळेपुरती सूट दिली. त्या पोरांना मूर्ख म्हणणारे गावात पुष्कळ निघाले. मी म्हटलं नाही. पण सूट युद्धात मिळते, एरवी नाही, म्हणून प्रत्येक कागदाची प्रत तुझ्याकडे एक आणि माझ्याकडे एक.

शेवटची गोष्ट. रक्ताचा तो रिपोर्ट कायमचा चालतो, पण एकाच अटीवर: पुढची लस मुदत संपण्याच्या आत व्हायला हवी. एक दिवस जरी वर गेला तरी परत रक्त, परत तीन महिने. पडवीत आपलं कालनिर्णय टांगलंय, मालवणच्याच साळगावकरांचं. त्यात डिसेंबरच्या पानावर 8 तारखेला मी लाल पेनाने गोल केलाय. तेव्हा तुम्ही दोघं जर्मनीत कीलला असाल आणि बाहेर बर्फ असेल. मी फोन करीनच, पण माझ्या फोनची वाट बघू नकोस. डॉक्टरांची वेळ नोव्हेंबरातच घेऊन ठेव.