पकडपटू आणि त्याचा व्यवसाय

कबड्डी हा खेळ आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागाला नवा नाही. धानाची कापणी आटोपली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या, की एखाद्या मोकळ्या बांधीत मैदान आखले जाते, दिवे लागतात आणि उत्तररात्रीपर्यंत सामने चालतात. वडीलधारी माणसे अजूनही त्याला हुतूतूच म्हणतात. मात्र या खेळाकडे पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून पाहण्याची वेळ अलीकडे, २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर आली. या व्यवसायात चढाई करणाऱ्याचे नाव होते हे सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो पकड करणाऱ्याचा.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. त्यातली निम्मी लांबी, म्हणजे साडेसहा मीटर, बचाव करणाऱ्या संघाच्या वाट्याला येते. चढाई ३० सेकंदांची. एवढ्या वेळात कोपरारक्षकाचे मुख्य काम कोणते, तर थांबणे. समोरच्याने पाय आत टाकला, तोल त्या पायावर गेला, की घोटा धरावयाचा. क्षणभर आधी झेप घेतली तर चढाईपटू उडी मारून निघून जातो, आणि ज्याने हात लावला तो बाद होतो. मदतीला धावून ज्यांनी स्पर्श केला तेही बाद होतात. चुकलेल्या एका झेपेची किंमत कधी कधी तीन गडी असते. म्हणून शेजारच्याचा हात धरून साखळी करावयाची, कोपऱ्याने पाय धरताच मध्यरक्षकाने अंगावर जाऊन मध्यरेषेची वाट अडवायची, असे हे सामाईक काम आहे. गुण मात्र गुणपत्रिकेत एकाच्याच नावे लिहिला जातो. वाट अडविणाऱ्याचा उल्लेख दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात सापडणे कठीण! तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर एक गुण अधिक मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात. प्रेक्षक पकडपटूचे नाव घेतात ते बहुधा अशाच वेळी.

महाराष्ट्रातले दोन पकडपटू या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. विशाल माने हा मध्यरक्षक. २०१५ साली यू मुंबा विजेता ठरला तेव्हा तो त्या संघात होता आणि २०१७ साली पाटणा पायरेट्सने विजेतेपद मिळविले तेव्हा त्या संघात. गिरीश इर्नाक हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. पाटणा, बंगाल, पुणे, गुजरात अशा संघांतून तो खेळला. व्यावसायिक खेळाडूला गाव नसते, लिलाव जिकडे नेईल तिकडे जायचे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाचा पराभव करून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई स्पर्धेसाठी गिरीशची भारतीय संघात निवड झाली. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा आपला पुरुष संघ त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला आणि कांस्यपदकावर थांबला.

या पराभवात एक विलक्षण गोष्ट आहे. सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या इराणी संघात फझल अत्राचली हा डावा कोपरारक्षक होता, आणि तो यू मुंबातर्फे आपल्याच लीगमध्ये खेळलेला होता. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा टप्पा प्रथम गाठला तो या फझलने. म्हणजे लीगमधला पहिला कोट्यधीश पकडपटू निघाला. बाजाराला पकडीची किंमत प्रेक्षकांच्या आधी कळली, असे म्हणावे लागते.

परंतु ही कमाई वर्षाची नव्हे, हंगामाची. वडशाच्या नाटक कंपन्या ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दिवाळी ते होळी रोज नवे गाव, नंतर पुढल्या हंगामापर्यंत दुसरा उद्योग. कबड्डीचा हंगाम तर त्याहूनही आखूड. शिवाय नट पन्नाशीतही उभा राहतो. पकडपटूचे गुडघे तितकी वर्षे साथ देत नाहीत. धावत्या, सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाचा पाय दोन हातांनी थोपवायचा म्हणजे बोटे, खांदा, गुडघा यांवर भार येणारच. मुंबईच्या खेळाडूला यावर जुना आधार होता, तो नोकरीचा. बँका, रेल्वे, महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांचे संघ असत. लीग नव्हती तेव्हाही घर त्यावरच चाले. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र आणि विदर्भ असे दोन वेगळे संघ उतरतात, त्यामुळे आपल्या मुलांना निवडीची स्वतंत्र वाट आहे. पण मुंबईसारखी नोकऱ्यांची रांग या वाटेवर नाही.

येथे परदेशातले एक उदाहरण आठवते. अमेरिकन फुटबॉलमध्ये ॲलन पेज नावाचा बचावपटू होऊन गेला. मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाच्या बचावफळीला लोक 'पर्पल पीपल ईटर्स', म्हणजे जांभळे नरभक्षक म्हणत. (आपल्याकडे नरभक्षक म्हटले की ताडोब्याकडचा वाघच डोळ्यांसमोर येतो, ते असो.) १९७१ साली त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरविण्यात आले; बचावपटूला हा मान प्रथमच मिळत होता. आणि हा गृहस्थ खेळता खेळता कायद्याच्या वर्गाला बसत होता! १९७८ मध्ये त्याने मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्याला सोडून दिले. तो शिकागोकडून १९८१ पर्यंत खेळला. पुढे वकिली केली आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. त्या न्यायालयातला तो पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. संघाने सोडले त्या वर्षी हाती पदवी नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आपल्या मैदानावरच्या मुलांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

कारण आपल्याकडे उलट घडते. कबड्डीत चमकणारा मुलगा दुसऱ्या वर्षापासून वर्गात दिसेनासा होतो. प्राध्यापक त्याची हजेरी मोजतात, त्याचे सामने कोणी मोजत नाही. शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात आणि पोलीस व वनरक्षक भरतीची वाट तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मुलांच्या पायाखालची आहे. तिथे पदासाठी लागणारे शिक्षण आणि पात्र स्पर्धेचे प्रमाणपत्र अशी दोन्ही कागदपत्रे मागतात. मंडईच्या सामन्यातली ढाल तिथे चालत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी नागपूरला विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते, आणि जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा स्पर्धा संपल्याबरोबर ते काम उरकलेले बरे.