उंचीच्या सुईबद्दल चार गोष्टी

अगं पोरी, तुझ्या लेकीचा टर्नर सिंड्रोमचा रिपोर्ट आल्यापासून घरात नुसती कुजबुज चाललीय. नर्सबाई म्हणून राजुरीच्या वाड्यावस्त्या फिरले, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगते.

पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून असं झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. मुलींना दोन एक्स गुणसूत्रं असतात. हिचं एक पूर्ण किंवा थोडं गळालंय. दोन-अडीच हजार मुलींत एखादीचं असं होतं. यात ना तुझा दोष, ना जावईबापूंचा.

सासूबाई विचारतील, रक्तात ग्रोथ हार्मोन नॉर्मल आहे, मग त्याचीच सुई कशाला? त्यांना सांग, या मुलींत हार्मोन बहुतेक पुरेसं असतं, पण हाडं त्याला दाद देत नाहीत. हाडं वाढवणारं ‘शॉक्स’ जनुक एक्सवर असतं, त्याची एक प्रत हिच्यात कमी आहे. रानात खत आहे पण मुळं उचलत नाहीत, तसंच हे. म्हणून वरून जास्तीचा डोस द्यायचा.

उशीर करू नकोस. उपचार झाले नाहीत तर या मुली इतर बायकांपेक्षा साधारण २० सेंटिमीटर बुटक्या राहतात. चार-सहा वर्षांच्या वयात सुई सुरू झाली आणि नेमाने चालली तर सरासरी ५ ते ८ सेंटिमीटर पदरात पडतात. त्याहून मोठं वचन कुणी दिलं तर विश्वास ठेवू नकोस. औषध महाग आहे आणि वर्षानुवर्षं चालतं, म्हणून खर्चाचं आधीच विचारून घे.

संध्याकाळची धार झाली, जेवणं उरकली, की झोपायच्या आधी सुई. मांडी, पोट, कुल्ला अशी जागा रोज बदल. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नकोस.

सुईचं औषध भरलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेव, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलं की ते फेकायचं. लाईट गेली तर फ्रिज सारखा उघडू नकोस. एसटीने पुण्याला नेताना बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नकोस, मध्ये फडकं घाल.

दर तीन महिन्यांनी चपला काढून, टाचा भिंतीला लावून उंची मोज आणि वहीत लिही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांच्या पुढाकाराने झालेत. डॉक्टरांना त्यावर ठिपका मांडायला सांग.

डोकेदुखीसोबत उलटी झाली, अंधुक दिसलं किंवा पोर लंगडायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

नुसत्या उंचीवर लक्ष ठेवून भागत नाही. हृदयाचा इको, किडनीची सोनोग्राफी, थायरॉईड, कानांची तपासणी, सगळं करून घे. कान फुटला तर घरगुती तेल घालत बसू नकोस. अकरा-बाराव्या वर्षी पाळीच्या हार्मोनचं विचार.

या मुलींची बुद्धी बहुतेक चांगली असते. भूमिती थोडी जड गेली तर शिकवणी लाव. लग्नाचं कुणी काढलं तर सरळ सांग, आधी ती शिकेल, कमावेल. आणि तिला कळायला लागलं की तिच्या आजाराचं नाव तूच तिला सांग. गावाकडून तिच्या कानावर जायला नको.