कुत्र्याची चिप आणि तिचा रीडर: काय करावे, काय टाळावे

मानेमागे कातडीखाली बसवलेल्या चिपमध्ये बॅटरी नसते. रीडर जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. तो क्रमांक कुणी नीट वाचलाच नाही, तर घरचं कुत्रं बेवारस ठरतं. म्हणून एवढं जपाच.

काय करावे

• चिप आयएसओ 11784 आणि 11785 मानकांची, 134.2 किलोहर्ट्झची आणि 15 अंकी आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. 125 किलोहर्ट्झच्या जुन्या चिपा अनेक रीडरना वाचता येत नाहीत.

• टोचण्याआधी चिप रीडरवर वाचून घ्या, टोचल्यावर पुन्हा वाचा. क्रमांकाचा स्टिकर लसीच्या पुस्तिकेत लावा.

• परदेशी जायचं असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस. युरोपीय संघ चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाही. शिवाय भारतातून जाणाऱ्या कुत्र्याचं रक्त लसीनंतर किमान 30 दिवसांनी तपासणीसाठी घेतात, आणि तिथून पुढे तीन महिने थांबावं लागतं. क्रम चुकला की हे सगळं पहिल्यापासून. जर्मनीला बदली झालेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांनी तिकिटांआधी हे पाहावं.

• सापडलेलं कुत्रं तपासताना रीडर अंगालगत, सावकाश, नागमोडी फिरवा. चिप सरकते, त्यामुळे खांदे, छाती, पुढचे पायही तपासा. चिप लांबट असल्याने कोन महत्त्वाचा. रीडर उभा-आडवा करून दुसरी फेरी घ्याच.

• फोन किंवा पत्ता बदलला की नोंदणीतही बदला. चिपमध्ये फक्त क्रमांक असतो, तुमचं नाव नसतं.

काय टाळावे

• चिपला जीपीएस समजू नका. साधा हातातला रीडर ती काही सेंटिमीटरवरूनच वाचतो.

• धातूची साखळी गळ्यात असताना, लोखंडी टेबलावर किंवा संगणकाशेजारी तपासू नका.

• एका फेरीत ‘चिप नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. या दोन शब्दांवर एखाद्याचं घर तुटतं.

• गळ्यातला फोन नंबरचा बिल्ला काढू नका. रस्त्यावरच्या माणसाकडे रीडर नसतो.

• चिप वाचेनाशी झाली म्हणून दुसरी बसवली, तर जुना क्रमांक खोडू नका. दोन्ही क्रमांक तारखांसह लिहून डॉक्टरांची सही घ्या.