निळसर गाठ : डॉपलर, एमआरआय की अँजिओग्राफी?

प्रश्न : मुलीच्या दंडावर जन्मापासून निळसर, मऊ गाठ आहे. शिरूरच्या डॉक्टरांनी डॉपलर सांगितली, पुण्यात एमआरआय सांगितला. त्यापेक्षा थेट अँजिओग्राफीच केली तर? – एक वाचक, दौंड

उत्तर : घाई नको. डॉपलर सोनोग्राफी स्वस्त, किरणोत्सर्गही नाही, आणि मुख्य गोष्ट तीच सांगते : गाठीतला रक्तप्रवाह मंद की वेगवान? गाठ दाबली की बसते, हात खाली सोडला की फुगते, तर बहुधा शिरांची विकृती, प्रवाह मंद. हाताला गरम लागून धडधडत असेल, तर धमनी आणि शीर थेट जोडल्याची शंका.

खोलवरचे मात्र डॉपलरला नीट दिसत नाही. गाठ स्नायूत कुठवर शिरली, हे एमआरआय दाखवतो. त्याला वेळ लागतो आणि लहान मूल तेवढा वेळ निश्चल पडत नाही, म्हणून बऱ्याचदा भूल द्यावी लागते. पालक धास्तावतात ते त्यालाच. सीटी अँजिओग्राफी काही सेकंदांत उरकते, पण क्ष-किरण आलेच.

 तुम्ही म्हणता ती थेट अँजिओग्राफी, म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून होणारी डीएसए (डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी), वेगवान प्रवाहाच्या विकृतीत सर्वांत अचूक. मंद प्रवाहाच्या गाठीत मात्र धमनीतून सोडलेले कॉन्ट्रास्ट औषध अनेकदा गाठीपर्यंत पुरेसे पोहोचतच नाही.