भाजीवाली आधी जोड, मग स्वयंपाक

अगं, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "जेवणाचं काय ताई, मागवते काहीतरी." ते 'काहीतरी' माझ्या मनातून रात्रभर गेलं नाही. सदाशिव पेठेत राहायला येऊन तुला दोन महिने झाले. मंडई तुझ्या खोलीपासून पायी जाण्याइतकी जवळ, आणि तू अजून तिथे पाऊल टाकलेलं नाहीस.

रागावत नाहीये गं. अठरा वर्षांपूर्वी मी सोलापूरहून आले तेव्हा माझंही असंच चाललं होतं. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री मेसचा डबा. त्या डब्यात पातळ डाळ आणि रोज बटाट्याची भाजी. चौथ्या महिन्यात बसमध्ये चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९ च्या खाली. घरी मी हे कधी बोलले नाही. आज तुला सांगतेय, कारण मला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

तर ऐक. शनिवारी सकाळी सात-साडेसातला महात्मा फुले मंडईत जा. तो अष्टकोनी मनोरा आणि दगडी कमानी लांबूनच दिसतात. १८८६ सालची वास्तू आहे ती. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. नवी वास्तू तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून 'रे मार्केट' झाली. नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा आधी शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. आज शिकून नोकरीसाठी आलेली तू तिथे पिशवी घेऊन शिरशील, तेव्हा हे आठव.

पहिल्या दिवशी घाईने काही घेऊ नकोस. एक फेरी मार, भाव कानावर पडू दे. मग एक भाजीवाली निवड आणि तिलाच धरून राहा. निवडायची कशी? जी माल खपवायच्या आधी तुला विचारते, ती. माझी भाजीवाली आजी मला अशीच भेटली. मी कोथिंबिरीची जुडी उचलली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, उलटी केली आणि देठाशी पिवळी पडलेली पानं बोटाने उघडून दाखवली. "आज रातीला संपवणार असशील तर ही ने. उद्यासाठी ही दुसरी घे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एकलीच हायेस का? मग अर्धी जुडी देते, उगी नासवू नकोस." परगावी आल्यापासून मला किती लागतं, हे विचारणारं ते पहिलं माणूस.

एकटीला पावशेर भाजी मागायला लाजू नकोस. पालेभाजी आणलीस की त्याच दिवशी निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव. सोमवारी कामावरून दमून आलीस की दहा मिनिटांत मेथी परतून होते. भाकरी नाही जमली तर पोळीवाल्या काकूंकडून दोन पोळ्या आण, पण भाजी आपल्या हातची कर. आणि ऋतू बघून घे. पावसाळ्यात करटोली, टाकळा दिसला तर कसा करायचा तेही भाजीवालीलाच विचार, अगदी फोडणीपासून सांगेल. थंडीत पुरंदरचे अंजीर आणि मटार, संक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीचा सगळा जामानिमा: पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी. तेव्हा हे सगळं ताजं असतं आणि परवडतंही.

पेठेबाहेर शेतकरी आठवडे बाजारही भरतात, प्रत्येक ठिकाणचा वार ठरलेला. २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्यावर शेतकऱ्यांच्या गटांना थेट शहरात विकणं सोपं झालं. तुझ्या ऑफिसजवळचा वार विचारून ठेव. कांदे-बटाटे, टोमॅटो, जास्त दिवस टिकणारं तिथून आण. तिथे पैशापैशाची घासाघीस करू नकोस, समोर बसलेला बहुधा पहाटे तोडणी करून आलेला असतो.

बाहेरचं खाऊच नकोस, असं मी म्हणणार नाही. पुण्यात राहून तसं करणं म्हणजे पुण्यावर अन्याय. पण आठवड्यातून एकदा, नीट बसून. मंडईतून निघालीस की तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनची मिसळ खा. नारायण पेठेतल्या बेडेकरांची चव वेगळी, जराशी गोडसर, तीही एकदा बघ. घरच्यासारखं पान हवं असेल तेव्हा टिळक रोडवरची बादशाही खाणावळ. गर्दीत टेबल अनोळखी माणसांसोबत वाटून घ्यावं लागतं. एकट्या मुलीने असं बसायचं कसं, म्हणून मी पहिल्यांदा दारातूनच परत फिरले होते. तू फिरू नकोस. ताटावर आलेल्या माणसाला तिथे कुणी न्याहाळत बसत नाही.

डिसेंबरात सिंचननगरला भीमथडी जत्रा भरते, तिथे मैत्रिणींना घेऊन जा. गावोगावच्या बचतगटांच्या बायका चुलीवर भाकऱ्या थापतात, खापरावरचे मांडे तुझ्यासमोर हातावर फिरवतात. पहिल्याच स्टॉलवर पोट भरू नकोस, चौघींत एकेक पदार्थ वाटून खा. येताना भाजणी, सांडगे, शेवया घे आणि त्या ताईंचा नंबरही घे, वर्षभर उपयोगी पडतो. रमजानच्या महिन्यात एका संध्याकाळी मोमीनपुऱ्यातही जाऊन ये. मंडईपासून लांब नाही. आपण जिथे राहतो तिथले शेजारी काय खातात, हे ठाऊक असावं.

एकच गोष्ट मनात ठेव. पोट कशानेही भरतं. पण अनोळखी शहरात आपण आलो नाही तर कुणाच्या लक्षात यावं, असं एक तरी ठिकाण जोडावं लागतं. एकदा तापाने मी दोन शनिवार गेले नव्हते. तिसऱ्या शनिवारी आजीने तराजू खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला आणि न मागता आल्याचा तुकडा पिशवीत टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा मी आईला फोनवर म्हटलं, "पुण्यात बरं चाललंय."

आजी आता गाळ्यावर बसत नाही, तिची सून बसते. या शनिवारी साडेसातला मंडईच्या मनोऱ्याखाली ये, तिची ओळख करून देते. पिशवी मात्र तुझी तू आण.